मोडलेले हाड

पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या शाळेच्या आवारात चिंचेचे एक जुने झाड होते. मधल्या सुट्टीत सहावीतील एक मुलगा त्यावर चढला आणि शेवाळलेल्या फांदीवरून पाय निसटून खाली पडला. त्याचा डावा हात मनगटाच्या वर वाकडा दिसू लागला. मुलांचा घोळका जमला. एकजण ओरडला, "अरे, हात ओढा, म्हणजे सरळ होईल!" दुसरा तेल आणावयास धावला. इतक्यात त्याच्याच वर्गातील एक मुलगी पुढे झाली व म्हणाली, "कुणी हात ओढू नका, चोळू नका. हाड मोडले असेल, तर ते हलता कामा नये." तिने दोन जाड वह्या हाताखाली धरल्या, रुमालांनी त्या सैलसर बांधल्या, ओढणीची झोळी करून हात त्याच्या गळ्यात अडकवला आणि मला बोलावून आणले.

मुलांनो, तिची ही कृती साधी दिसते. परंतु अस्थिचिकित्सेचे मुख्य तत्त्व तीत सामावलेले आहे. मोडलेले हाड वैद्य जोडीत नाही. ते आपले आपणच जुळते. वैद्याने ते जागेवर बसवावयाचे आणि जुळेपर्यंत स्थिर राखावयाचे.

हे कसे घडते? प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. वाळलेले हाड दगडासारखे निर्जीव दिसते. पण शरीरातील हाड सजीव असते. त्यात रक्त खेळते. हाड मोडले की त्या ठिकाणी रक्त साकळून गुठळी होते. तीत नव्या पेशी शिरतात आणि काही आठवड्यांत दोन्ही टोकांना सांधणारा मऊ, कूर्चेसारखा पूल तयार होतो. पुढे त्यात कॅल्शियमचे क्षार साठून तो टणक बनतो. मुलांच्या हाताचे हाड बहुधा चार ते सहा आठवड्यांत जुळते; प्रौढाच्या मांडीच्या हाडास तीन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. हा कोवळा पूल वारंवार हलला, तर हाड वेडेवाकडे जुळते, अथवा जुळतच नाही.

हाड मोडण्यास अस्थिभंग म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. कातडी न फाटता आतल्या आत हाड मोडले, तर तो बंद अस्थिभंग होय. जखम होऊन ती हाडापर्यंत पोहोचली, तर तो उघडा अस्थिभंग. त्यात रोगजंतू शिरण्याचे मोठे भय असते; म्हणून जखमेवर स्वच्छ कापड ठेवून रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. सुकी काटकी वाकवली की कडकन मोडते. ओली डहाळी मात्र एका बाजूस चिरते आणि दुसऱ्या बाजूस नुसती वाकते. मुलांची कोवळी हाडे पुष्कळदा अशीच अर्धवट मोडतात. जोराच्या आघाताने हाडाचे अनेक तुकडे झाले, तर त्यास चूर्णित अस्थिभंग म्हणतात. हा शब्द फार जुना आहे. प्राचीन सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा प्रकार वर्णिलेले असून त्यांत 'चूर्णित' आहे, 'वक्र' आहे आणि मोडलेले टोक घोड्याच्या कानासारखे वर आलेला 'अश्वकर्ण'ही आहे. हाड स्थिर राखण्यासाठी झाडांच्या साली व बांबूच्या कामट्या बांधाव्यात, असेही त्या ग्रंथात सांगितले आहे.

मात्र हाड आत कसे मोडले आहे, हे त्या काळी हाताने चाचपूनच ओळखावे लागे. १८९५ साली जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे व अंगठी स्पष्ट दिसत होती! आता डॉक्टर असे छायाचित्र पाहून, वेदना होऊ नयेत म्हणून भूल देऊन, सरकलेले हाड जागेवर बसवितात. मग प्लास्टर घालतात. जिप्सम हे खनिज भाजून केलेली ही पूड पाण्यात कालवली की थोड्याच वेळात घट्ट होते. ती भरलेल्या पट्ट्या हाडांसाठी वापरण्याची पद्धत मॅथायसेन या डच लष्करी शल्यवैद्याने १८५१ च्या सुमारास प्रचारात आणली. हाड फारच मोडले असेल, तर शस्त्रक्रिया करून धातूच्या पट्ट्या, स्क्रू किंवा सळई बसवितात.

येथे एक सावधगिरी हवी. बंधन घट्ट झाले किंवा आत सूज वाढली, तर रक्तप्रवाह अडतो. त्या मुलाच्या बाबतीत तसेच झाले. प्लास्टर घातल्या रात्री त्याची बोटे सुजली, गार पडली, निळसर झाली, ठणका सोसवेना. डॉक्टरांनी ही लक्षणे आईस आधीच सांगून ठेवली होती. तिने उजाडण्याची वाट पाहिली नाही. भर पावसात ती त्याला घेऊन रुग्णालयात गेली. डॉक्टरांनी प्लास्टर चिरून सैल केले आणि हात वाचला. सकाळपर्यंत थांबली असती, तर कदाचित बोटे कायमची निकामी झाली असती.

पाच आठवड्यांनी प्लास्टर निघाले, तेव्हा हात बारीक व ताठर झाला होता. मुलगा रडवेला झाला. पण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तो रोज मूठ उघडमीट करी, मनगट फिरवी. दिवाळी आली, तेव्हा त्याने अंगणात किल्ला बांधला आणि त्यासाठी लागणारी सारी माती दोन्ही हातांनी कालवली. किल्ला पाहावयास पहिले बोलावणे गेले, ते त्या वह्या बांधणाऱ्या मुलीला.