सव्वा महिन्यानंतर काय? (लेखमाला ‘तिचं धावणं’ : लेखांक सहावा)

४ नोव्हेंबर २००७ रोजी ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफनं न्यूयॉर्क मॅरेथॉन २ तास २३ मिनिटं ९ सेकंदांत जिंकली. इथिओपियाची गेटे वामी शेवटच्या मैलापर्यंत तिच्या पाठीवर होती. अंतिम रेषा ओलांडल्यावर थोड्याच वेळात रॅडक्लिफच्या कडेवर तिची मुलगी आली. आयला तिचं नाव, जन्म त्याच वर्षीच्या जानेवारीतला. बाळंतपणाला दहा महिनेही झाले नव्हते. आई, बाळ आणि विजयाचा ध्वज असं ते छायाचित्र जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं आणि अनेक धावणाऱ्या बायकांनी ते जपून ठेवलं.

त्या छायाचित्रात मधले महिने दिसत नाहीत. रॅडक्लिफ गरोदरपणातही धावत होती; डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेग आणि अंतर कमी करत. तो काळ नीट पार पडला. बाळंतपण मात्र लांबलं, आणि त्यानंतर सराव पुन्हा सुरू झाल्यावर तिच्या माकडहाडाच्या वरच्या, त्रिकोणी हाडाला ताणामुळे बारीक तडा गेला. धावणं बंद करून तिला थांबावं लागलं. मॅरेथॉनचा जागतिक विक्रम तेव्हा तिच्याच नावावर होता, उत्तमोत्तम डॉक्टर आणि फिजिओ हाताशी होते, तरीही हाडाला जेवढा वेळ हवा होता तेवढा त्यानं घेतलाच. 

आपल्या घरांत बहुतेक वेळा याच्या उलट गणित मांडलं जातं. दिवस गेले की ‘दोन जिवांची आहेस, जपून’ म्हणत चालत्या-धावत्या मुलीला बसवून ठेवायचं. आणि सव्वा महिना उलटला, न्हाणं-मालिश संपलं, की ती आता मोकळी झाली असं धरून चालायचं. जिथं हालचाल चालली असती तिथं बंदी, आणि जिथं हात धरून चालवायला हवं तिथं कुणीच नाही. या लेखांकाचा विषय हीच उलटापालट.

गरोदरपणातल्या बंदीला एक छापील आधारही होता. अमेरिकेतल्या प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८५ मध्ये सल्ला दिला होता की गरोदर स्त्रीची नाडी व्यायामात मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नये आणि दमवणारा व्यायाम १५ मिनिटांपलीकडे करू नये. पुरेशी माहिती नव्हती, म्हणून सावधगिरी म्हणून घातलेली ही कुंपणं होती. पुढे अमेरिकेतले प्रसूतितज्ज्ञ जेम्स क्लॅप यांच्यासारख्या संशोधकांनी गरोदरपणात धावणाऱ्या बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. निरोगी स्त्रियांच्या बाबतीत भीती खरी ठरत नाही असं दिसू लागलं आणि १९९४ मध्ये त्याच संघटनेनं १४० ची मर्यादा काढून टाकली. त्याला तीस वर्षं होऊन गेली, तरी तो आकडा अजून सल्ल्यांतून फिरतो आहे.

आजचा सल्ला वेगळा आहे. कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये गरोदर स्त्रियांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला आहे. कॅनडाच्या सल्ल्यामागे जुन्या अभ्यासांचा मोठा एकत्रित आढावा होता. गरोदरपणातला मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातल्या रक्तदाबाचा गंभीर विकार) यांची शक्यता नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये सुमारे ४० टक्क्यांनी कमी असल्याचं त्यात आढळलं. मधुमेह जिथं घरोघर आहे, त्या आपल्या समाजासाठी ही लहान गोष्ट नाही. डॉक्टरांनी गोळी लिहून द्यावी तसा व्यायाम लिहून द्यायला हवा, असं वाटावं इतका हा फायदा स्पष्ट आहे.

नाडीचा आकडा का सोडावा लागला, याचं उत्तर शरीरातच आहे. गरोदरपणात रक्ताचं एकूण प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हृदय दर मिनिटाला पूर्वीपेक्षा ३० ते ५० टक्के अधिक रक्त पुढे ढकलतं, आणि स्वस्थ बसलेलं असतानाही नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढलेली असते. म्हणजे मनगटावरचं घड्याळ जे सांगतं त्याचा अर्थच बदललेला असतो. त्याऐवजी साधी कसोटी वापरतात: धावताना किंवा भरभर चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येणार नाही, पण वाक्य तुटता कामा नये.

रक्त वाढतं त्यात पाण्याचा भाग जास्त वाढतो, तांबड्या पेशी त्या प्रमाणात वाढत नाहीत. त्यामुळे हिमोग्लोबिन खाली उतरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. धाप लागते, पाय गळतात, आणि दोष दिला जातो व्यायामाला. खरं तर लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या जात आहेत का, हा पहिला प्रश्न असायला हवा. रक्तक्षय तीव्र असेल तर धावणं बाजूला ठेवावंच लागतं.

आधीपासून धावणारीनं धावणं चालू ठेवणं आणि कधीच न धावलेलीनं पाचव्या महिन्यात सुरुवात करणं, यांत मोठा फरक आहे. दुसरीसाठी चालणं, पोहणं, हलकी योगासनं पुरेशी आहेत. पहिलीसाठीसुद्धा पोट वाढलं की शरीराचा तोल पुढे सरकतो, सांधे सैलावतात, मूत्राशयावर भार येतो. तेव्हा बहुतेकजणी आपणहून धावण्यावरून चालण्यावर येतात. हार मानल्यासारखं त्यात काही नाही. आपल्याकडे उन्हाचं भान त्याहून महत्त्वाचं. पहिल्या तिमाहीत शरीर फार तापणं गर्भाला चांगलं नाही, आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून अंग लवकर तापतं. पहाटेची वेळ, सोबत पाणी, आणि मे महिन्यात सरळ घरातल्या घरात व्यायाम.

काही जणींनी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पाऊलच उचलू नये. वार खाली असेल, रक्तस्राव होत असेल, गर्भपिशवीचं तोंड सैल असेल, अवेळी कळा येत असतील, गरोदरपणातल्या रक्तदाबाचा त्रास असेल, त्या बायकांसाठी हा लेख नाही. इतरांनीही व्यायाम करताना अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, छातीत दुखलं, चक्कर आली, डोकं ठणकलं किंवा एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर तिथंच थांबावं आणि दवाखाना गाठावा. घरी पोचून बघू, असं म्हणू नये.

अमेरिकेची ८०० मीटरची धावपटू अलिसिया मोंटान्यो २०१४ च्या जूनमध्ये सॅक्रामेंटोच्या राष्ट्रीय स्पर्धेत ३४ आठवड्यांची गरोदर असताना धावली. २ मिनिटं ३२.१३ सेकंद लागले, सगळ्यांच्या मागून ती आली आणि प्रेक्षक उभे राहिले. पण तिच्या गोष्टीतला मोलाचा भाग त्यानंतरचा आहे. पुढल्या वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ती धावली तेव्हा बाळ अंगावर पीत होतं. पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले, म्हणून त्यांना चिकटपट्ट्या लावून ती मैदानात उतरायची. दूध काढून ते बीजिंगहून अमेरिकेला पाठवायची. हे तिनं स्वतः २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहीरपणे सांगितलं, तेव्हा लोकांना कळलं.

पोट असं फाकणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. गर्भाशयाला जागा करून देताना पोटाच्या उभ्या स्नायूंमधली पट्टी ताणली जाते आणि बाळंतपणानंतर ती हळूहळूच आवळते. त्याच वेळी ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू, जे मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय झोळीसारखे पेलून धरतात, तेही कमालीचे ताणले गेलेले असतात. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दीड ते अडीच पट धक्का बसतो, आणि तो वर चढत याच तळावर येऊन आदळतो. खोकताना, शिंकताना किंवा दोरीवर उडी मारताना लघवीचे थेंब जाणं, खाली काहीतरी ओढल्यासारखं जड वाटणं, ही तिथली तक्रार असते. बाळंतपणानंतर साधारण तीनातल्या एकीला लघवी सुटण्याचा त्रास होतो.

आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आईला सांगायला लाज वाटते, डॉक्टरकडे वेळ नसतो, मैत्रिणी म्हणतात, होतंच हे, सवय होईल. सवय करून घेण्याची ही गोष्ट नव्हे. दुर्लक्ष झालं तर पुढे पन्नाशी-साठीत अंग बाहेर येण्याच्या तक्रारीचं ते एक कारण ठरू शकतं. उपाय बिनखर्चाचा आहे: लघवी आणि वारा दोन्ही अडवून धरल्यासारखे ते स्नायू वर ओढायचे, धरायचे, सोडायचे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा आणि निदान तीन महिने असा आहे. नीट जमतंय की नाही हे एकदा फिजिओथेरपिस्टकडून पाहून घेतलं तर उत्तम. कारण अनेकजणी वर ओढण्याऐवजी खाली कुंथतात आणि त्यानं त्रास वाढतो.

सव्वा महिन्याच्या आपल्या प्रथेत शहाणपण आहे, हे इथं मुद्दाम सांगायला हवं. माहेरची विश्रांती, तेल-मालिश, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, कुणीतरी बाळ सांभाळतंय म्हणून मिळणारी झोप: पाश्चात्त्य देशांतल्या कित्येक बायकांना यातलं काही मिळत नाही. (आपल्याकडेही ते सगळ्यांना कुठं मिळतं? शेतमजुरी करणारी, डोक्यावर ओझं वाहणारी बाई सव्वा महिना बसून कसा काढेल?) प्रश्न त्या चाळीस दिवसांचा नाही, एक्केचाळिसाव्या दिवसापासूनचा आहे. दवाखान्यातली सहा आठवड्यांची तपासणीही याच सुमाराला येते. टाके भरले, गर्भाशय जागेवर आलं, ‘आता सगळं करायला हरकत नाही’ हे वाक्य कानावर पडतं, आणि धावणारी बाई दुसऱ्या दिवशी बुटांच्या नाड्या बांधते.

ब्रिटनमधल्या टॉम गूम, ग्रॉन्या डॉनेली आणि एमा ब्रॉकवेल या तीन फिजिओथेरपिस्टनी २०१९ मध्ये यासाठी पहिली तपशीलवार मार्गदर्शिका लिहिली. बारा आठवड्यांच्या आत धावणं सुरू करू नये, हा तिचा गाभा. बारा आठवडे झाले म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. आधी शरीरानं काही गोष्टी करून दाखवायच्या. तीस मिनिटं चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर दहा वेळा अर्धवट बसून उठणं, जागच्या जागी एक मिनिट धावणं, एका पायावर दहा लंगडी-उड्या. हे सगळं करताना दुखता कामा नये, थेंब जाता कामा नये, खाली जड वाटता कामा नये. यातलं काही झालं तर पुन्हा चालण्यावर आणि ताकदीच्या व्यायामावर यायचं.

सिझेरियन झालेल्यांनी कॅलेंडरवर आणखी कमी विसंबावं. वर उल्लेखलेल्या २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातली सुमारे २१ टक्के बाळंतपणं शस्त्रक्रियेनं झाल्याचं दिसलं. वरची कातडी दोन आठवड्यांत सांधलेली दिसते, पण पोटाच्या आतल्या मजबूत आवरणाला सहा आठवड्यांनी मूळच्या निम्म्याहून थोडीच अधिक ताकद आलेली असते. सहा-सात महिन्यांनी ती पूर्णाच्या जवळ पोचते.

बाळ अंगावर पीत असेल तर आईच्या हाडांची घनता काही टक्क्यांनी तात्पुरती घटते. दूध सुटल्यावर ती भरून येते. रॅडक्लिफसारखा तडा जाण्यामागे अशा अनेक गोष्टी एकत्र येऊ शकतात: उतरलेलं कॅल्शियम, अपुरी झोप, अपुरं खाणं, अचानक वाढवलेलं अंतर. पोट लवकर आत जावं म्हणून ज्या बायका याच महिन्यांत जेवण तोडतात, त्यांना हे ठासून सांगायला हवं. दूध तयार होण्यासाठी रोज पाचशे-सहाशे उष्मांक जादा लागतात, धावण्याचे त्याहून वेगळे. मध्यम व्यायामानं दूध आटत नाही, आंबटही होत नाही. बाळाला पाजून मग बाहेर पडलं की छातीचा भारही हलका असतो. आणि बूट पुन्हा मापून घ्यावेत. गरोदरपणात पावलाची कमान खाली बसते, पाऊल किंचित लांबतं, आणि काहीजणींचं ते तसंच राहतं.

सुरुवात एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं अशी करावी. दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस मोकळा. आधी एकूण वेळ वाढवायचा, वेग नंतर.

ज्यांनी मोठी पुनरागमनं केली त्यांच्या तारखा नीट वाचल्या तर धीर येतो. पी. टी. उषाचा मुलगा १९९२ चा, आणि फुकुओकाच्या आशियाई स्पर्धेत तिनं पदकं मिळवली ती १९९८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी. केनियाच्या फेथ किपयेगॉनची मुलगी २०१८ च्या जूनमध्ये शस्त्रक्रियेनं जन्मली. २०१९ मध्ये फेथला १५०० मीटरमध्ये जागतिक रौप्य मिळालं, २०२१ मध्ये टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण, आणि जागतिक विक्रम २०२३ मध्ये. अमेरिकेची धावपटू अलिसन फेलिक्स हिला २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये प्री-एक्लॅम्प्सियामुळे ३२ व्या आठवड्यात तातडीचं सिझेरियन करावं लागलं. प्रायोजक नायकेशी मानधनाच्या वाटाघाटी चालू असल्यानं लवकर परतण्याचा दबाव आपल्यावर होता, हे तिनं २०१९ मध्ये उघडपणे लिहिलं. तिच्या आणि मोंटान्योच्या बोलण्यानंतर त्याच वर्षी नायकेला गरोदर खेळाडूंच्या मानधनाचे नियम बदलावे लागले. आता १८ महिने कपात होत नाही.

हौशी धावपटूंच्या वाट्याला मानधन नसतं, पण प्रवेशाचे पैसे आणि महत्प्रयासानं मिळालेला क्रमांक असतो. ब्रिटनची सोफी पॉवर २०१८ मध्ये आल्प्समधल्या यूटीएमबी या लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतीत तीन महिन्यांच्या बाळाला वाटेतल्या थांब्यावर पाजताना दिसली, तेव्हा त्या छायाचित्राचं कौतुक झालं. त्यामागची हकीकत अशी की दुखापत झालेल्याला पुढच्या वर्षी धावता येत होतं, गरोदर स्त्रीला ती सवलत नव्हती. तेव्हापासून तिनं हे नियम बदलण्यासाठी काम सुरू केलं. लंडन आणि बोस्टन मॅरेथॉनमध्ये आता गरोदरपणामुळे प्रवेश पुढे ढकलता येतो. जानेवारीत मुंबईत किंवा पावसाळ्यात साताऱ्याच्या घाटात धावायला नाव नोंदवणारीनं पैसे भरण्याआधी आयोजकांना हा प्रश्न लेखी विचारावा. जिथं सवलत नसेल तिथं धावपटूंच्या गटांनी मिळून ती मागावी.

(पुढील लेखांक : रजोनिवृत्तीनंतरची हाडं आणि धावणं)