मांडवीच्या पाण्यात विरघळलेलं रान

पणजीजवळ मांडवी नदीचं पाणी बाटलीत भरून अगदी बारीक गाळणीतून गाळलं, की चिखल, शेवाळ आणि जवळजवळ सगळे जिवाणू मागे राहतात. खाली उतरलेलं पाणी नितळ दिसतं. पण फ्लुरोमीटरमध्ये त्यावर अतिनील किरण सोडले, की ते निळसर चमकतं! ही चमक विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांची. सह्याद्रीतला कुजलेला पालापाचोळा, कांदळवनाचा चिखल, सूक्ष्म वनस्पतींचा स्राव, सगळ्यांचा अंश त्यात असतो. जगातल्या समुद्रांत मिळून असा सुमारे ६६० अब्ज टन कार्बन विरघळलेला आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जेवढा कार्बन आहे, त्याच्या हा पाऊणपट!

या द्रव्यांचं पुढे काय होणार, हे पाण्याच्या हालचालीवर ठरतं. पावसाळ्यात मांडवी दुथडी भरून वाहते आणि खाडीतलं पाणी पाच-सहा दिवसांत समुद्राला मिळतं. रानातून आलेल्या रेणूंना वाटेत बदलायला सवडच मिळत नाही. उन्हाळ्यात ओघ आटतो, भरती-ओहोटीचं राज्य सुरू होतं. तेच पाणी दिवसातून दोनदा मागे-पुढे होत सुमारे ५० दिवस खाडीत रेंगाळतं. तेवढ्या अवधीत ऊन त्याचा रंग उडवतं, मोठे रेणू तोडतं आणि जिवाणू ते तुकडे फस्त करतात. त्यातला बराच कार्बन हवेत परततो.

मांडवीतल्या चोडण बेटाच्या कांदळवनात हा खेळ फार जवळून पाहता येतो. भरतीचं पाणी खेकड्यांच्या बिळांतून चिखलात शिरतं आणि ओहोटीला कोऱ्या चहासारखा रस घेऊन झिरपत बाहेर येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आणखी आत चढतं, तेव्हा हे धुऊन निघणंही वाढतं. म्हणून एकाच जागी सहा तासांच्या अंतराने भरलेल्या दोन बाटल्यांत वेगळं पाणी सापडतं.

वाटेत या द्रव्यांचं काय झालं हे ओळखण्याची अभ्यासकांची कसोटी मला फार सुंदर वाटते. नदीपासून समुद्रापर्यंत नमुने घ्यायचे आणि खारटपणापुढे सेंद्रिय कार्बनचा आलेख काढायचा. बिंदू सरळ रेषेत आले, तर गोडं-खारं पाणी नुसतं मिसळलं. रेषेच्या वर गेले, तर वाटेत कुणीतरी भर घातली, बहुधा कांदळवनाने किंवा सांडपाण्याने. खाली आले, तर काही खाल्लं गेलं, उन्हाने मोडलं किंवा मिठाच्या संगतीने गोळा होऊन तळाशी बसलं.

खाडीचं पाणी तपासायला जाल, तेव्हा बाटलीवर जागा आणि तारखेसोबत भरती-ओहोटीची वेळही लिहा. तिच्याविना हाती आलेला आकडा अर्धवटच राहतो.