गाजर गवताचा वैरी भुंगेरा

पापण्या, मान आणि कोपराच्या घडीत सतत खाज, कातडी जाड व काळसर. शेतात राबणाऱ्यांच्या अशा त्वचारोगामागे अनेकदा गाजर गवत असते. १९५६ मध्ये पुण्यात नोंदले गेलेले हे परदेशी तण पुढे देशभर पसरले. त्याला आवर घालण्यासाठी मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडण्यात आले. भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या पाने फस्त करतात, त्यामुळे फुले कमी धरतात. पण पावसाळा सरला की ते जमिनीत दडून बसतात. ओल असेल तिथे गवत मात्र उगवतच राहते. म्हणून भुंगेरे दिसतील तिथे कीटकनाशक फवारू नये. इतरत्र गवत फुलोऱ्यापूर्वीच, हातमोजे घालून उपटावे. ज्यांना आधीच त्रास आहे, त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.