इंटरनेटवरील संगीत : कायदा, खर्च आणि अध्यापकाची जबाबदारी

प्रास्ताविक

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमावर्ती भागात, म्हणजे भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत, आपल्या कॉलेजमध्ये येणारा विद्यार्थी घरी दखनी किंवा मराठी बोलतो, बाजारात कन्नड बोलतो आणि गाणी मिळेल त्या भाषेतली ऐकतो. उर्दू आणि मराठी या दोन्ही विषयांच्या अध्यापनात या आवडीचा मोठा उपयोग होतो. गझलेचा शेर फळ्यावर लिहून समजावणे वेगळे आणि तोच शेर चांगल्या गळ्यातून ऐकवणे वेगळे, हे भाषाशिक्षकास सांगावयास नको. पूर्वी त्यासाठी टेपरेकॉर्डर आणि कॅसेट सांभाळावी लागे. आता खिशातला मोबाइल पुरतो.

सोय झाली, परंतु गाणे कोणाचे, हा प्रश्न मागे पडला. मोबाइलच्या दुकानात थोड्या पैशांत मेमरी कार्ड गाण्यांनी भरून मिळत असे. आता तेच काम व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवर फुकट होते. आपणही स्टाफरूममध्ये एकमेकांना गाणी पाठवतो आणि त्यात काही वावगे आहे असे मनातही येत नाही.

माझ्याही मनात आले नव्हते. काही वर्षांपूर्वी भालकी तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या आजीने आमच्या कार्यक्रमात जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. एका मुलाने त्या मोबाइलवर टिपल्या, मी त्याचे कौतुक केले आणि फाइल ग्रुपवर टाकली. महिन्याभरात तोच आवाज ढोलकी-कीबोर्डची जोड देऊन, भलत्याच नावाने फिरत माझ्याकडे परत आला. आजीच्या नातीने विचारले, "सर, दादीला कुणी विचारलं होतं का?" विचारले नव्हते. पहिली चूक माझीच होती. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून लिहिला आहे.

एका गाण्याचे चार हक्कदार

भारतात या विषयाचा मूळ कायदा कॉपीराइट अधिनियम, १९५७ हा आहे. १९९४, १९९९ आणि २०१२ साली त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. या कायद्याच्या नजरेने गाणे ही एकच वस्तू नसते. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, गायन गायकाचे आणि ध्वनिमुद्रण ते तयार करणाऱ्या कंपनीचे किंवा निर्मात्याचे. कवी व संगीतकार आपले हक्क कंपनीला देऊ शकतात, परंतु २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगीतांच्या मानधनातील त्यांचा वाटा कायद्याने राखला गेला आहे.

या हक्कांची मुदतही वेगवेगळी आहे. शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्याच्या वर्षानंतर ६० वर्षे, तर गायक-वादकाचा हक्क सादरीकरणाच्या वर्षानंतर ५० वर्षे टिकतो. मुदत ३१ डिसेंबरला संपते. म्हणजे १९६४ साली प्रकाशित झालेले ध्वनिमुद्रण १ जानेवारी २०२५ पासून खुले झाले. मुदतीचा हा आकडा पूर्वी ५० होता. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले, त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार होता, म्हणून ही मुदत ६० वर्षांपर्यंत वाढविण्यात आली.

तीन उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

पहिले मिर्झा गालिब यांचे. गालिब १८६९ साली वारले, त्यांच्या शब्दांवर आज कोणाचाही हक्क नाही. परंतु १९८८ च्या दूरदर्शन मालिकेसाठी जगजितसिंग यांनी त्याच गझलांना चाली लावून गायल्या. ते ध्वनिमुद्रण २०४८ अखेरपर्यंत आणि ती चाल त्याहूनही पुढे संरक्षित आहे. गालिब सर्वांचा, पण ती फाइल सर्वांची नव्हे.

दुसरे 'प्यासा' चित्रपटाचे. चित्रपट १९५७ चा, त्यामुळे त्या काळी निघालेल्या तबकड्यांची ध्वनिमुद्रण म्हणून मुदत संपली. तरीही गीतकार साहिर लुधियानवी १९८० साली आणि संगीतकार सचिनदेव बर्मन १९७५ साली निवर्तले. म्हणून शब्द २०४० अखेरपर्यंत आणि चाल २०३५ अखेरपर्यंत संरक्षित राहील. 'जुने गाणे म्हणजे मोफत गाणे' हा समज येथे चुकतो.

तिसरे उदाहरण पूर्ण मुक्त गाण्याचे. 'संगीत मानापमान' हे नाटक १९११ साली रंगभूमीवर आले. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (मृत्यू १९४८) यांची, चाली गोविंदराव टेंबे (मृत्यू १९५५) यांच्या. त्यातील 'चंद्रिका ही जणू' हे पद किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी तबकडीवर गायले. खाँसाहेब १९३७ साली पैगंबरवासी झाले. चारही मुदती केव्हाच संपल्या आहेत. उत्तर प्रदेशातील कैराना येथे जन्मलेला मुस्लिम गवई मिरजेस स्थायिक होतो, मराठी नाट्यपद गातो आणि मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात आजही त्याच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. मराठीच्या वर्गात ऐकविण्यास याहून चांगला नमुना कोणता? तो विद्यार्थ्यांना द्यावा, संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावा, भारतीय कायद्याची त्यास हरकत नाही. मात्र अमेरिकेत ध्वनिमुद्रणांच्या मुदती निराळ्या व जास्त लांब आहेत. त्यामुळे तेथील एखाद्या संकेतस्थळाने अशी फाइल काढून टाकली तर गोंधळून जाऊ नये.

वर्गात काय चालते

अध्यापकांच्या बाबतीत कायदा बराच उदार आहे. कलम ५२ नुसार शिकविण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हा हक्कभंग ठरत नाही. तसेच संस्थेच्या कार्यक्रमात शिक्षक व विद्यार्थ्यांनी गाणे सादर केले किंवा ध्वनिमुद्रण वाजविले, आणि श्रोते म्हणून शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक व संस्थेच्या कामाशी संबंधित मंडळीच असली, तर परवान्याची गरज नाही. दिल्ली विद्यापीठाजवळील छायाप्रतींच्या दुकानासंबंधीचा खटला प्रसिद्ध आहे. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली 'शिकविण्याचा ओघ' या शब्दांचा अर्थ व्यापक घेतला. तो खटला पुस्तकांबाबत होता, तरी त्यामागील विचार आपल्यास उपयोगी आहे.

परंतु ही सवलत वर्गाच्या आणि संस्थेच्या उंबरठ्यापर्यंतच आहे. वार्षिक स्नेहसंमेलन गावासाठी खुले केले किंवा तिकीट लावले की परवान्याचा प्रश्न येतो. गीत व संगीत यांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही नोंदणीकृत संस्था परवाने देते, ध्वनिमुद्रणासाठी त्याच्या मालकाकडे विचारणा करावी लागते. याच संमेलनाची चित्रफीत यूट्यूबवर टाकली तर ते 'वर्गात शिकविणे' राहत नाही. यूट्यूबची यंत्रणा गाणे आपोआप ओळखते. मग चित्रफितीचा आवाज बंद होतो, जाहिरातीचे उत्पन्न हक्कदाराकडे वळते किंवा चित्रफीतच दिसेनाशी होते. मुलींनी महिनाभर बसविलेला कार्यक्रम मुका झालेला पाहण्यापेक्षा आधीच मुक्त संगीत निवडणे शहाणपणाचे.

फाइल की दुवा?

आपल्या रोजच्या व्यवहारात एक साधा नियम पुरेसा आहे : फाइल पाठवू नये, दुवा पाठवावा. कंपनीच्या किंवा कलावंताच्या अधिकृत पानाचा दुवा पाठविला तर गाणे जेथे आहे तेथेच राहते, ऐकणारा तेथे जातो आणि त्याचा मोबदला हक्कदारास पोहोचतो. फाइल पाठविली की नवी प्रत तयार होते. चाळीस जणांच्या ग्रुपवर ती चाळीस मोबाइलमध्ये उतरते.

जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगास कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. विद्यार्थ्यांना घाबरविण्यासाठी हे आकडे सांगू नयेत. हक्क म्हणजे कोणाची तरी कमाई, हे मात्र अवश्य सांगावे.

कमी खर्चात कोठे ऐकावे

सर्वांत स्वस्त साधन अजूनही रेडिओच आहे. आकाशवाणीचे कलबुर्गी केंद्र आपल्या भागात ऐकू येते आणि आकाशवाणीच्या इतर वाहिन्या 'न्यूजऑनएअर' या अॅपवर विनामूल्य मिळतात. उर्दू सेवा त्यांत आहे.

यूट्यूबवर संगीत कंपन्यांची अधिकृत पाने जाहिरातींसह मोफत ऐकता येतात. २०१९ पासून भारतात असलेली स्पॉटिफाय सेवाही जाहिरातींसह मोफत चालते. पैसे भरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काही सेवांनी सवलतीच्या योजना ठेवल्या आहेत, त्यासाठी कॉलेजचे ओळखपत्र उपयोगी पडते.

येथे एक सावधगिरी हवी. महिन्याचे पैसे भरून आपण गाणे विकत घेत नाही, भाड्याने घेतो. अॅपमध्ये उतरविलेले गाणे त्या अॅपबाहेर वाजत नाही आणि वर्गणी थांबली की बंद होते. एअरटेलची विंक ही सेवा २०१४ साली सुरू झाली आणि २०२४ साली बंद झाली. तेथे जमविलेला संग्रह तेथेच राहिला. म्हणून वर्षानुवर्षे लागणाऱ्या मोजक्या रचना सीडीवर किंवा विकत मिळणाऱ्या फाइलच्या रूपात घेऊन ठेवाव्यात. ज्या खेड्यांत नेटचा भरवसा नाही तेथे कारवाँसारखे, आत परवान्यासह गाणी भरलेले रेडिओयंत्र ग्रंथालयासाठी घेता येते. सारेगामाने ते २०१७ साली बाजारात आणले.

मुक्त परवान्याचे संगीत

काही कलावंत आपण होऊन वाटण्याची परवानगी देतात. त्यासाठी 'क्रिएटिव्ह कॉमन्स' हे परवाने २००२ पासून प्रचारात आहेत. त्यांतील अटी चारच : कर्त्याचे नाव द्यावे, धंद्यासाठी वापरू नये, बदल करू नये, आणि बदल केल्यास नवी कृतीही त्याच अटींवर खुली ठेवावी. यांपैकी कोणत्या अटी लागू आहेत हे प्रत्येक कृतीखाली लिहिलेले असते. यूट्यूबच्या शोधात या परवान्याची चाळणी आहे. विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त ध्वनिफिती आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या तबकड्यांचा खजिना आहे, मात्र तेथे कोणीही काहीही चढवू शकतो. म्हणून वर सांगितलेली चार हक्कांची मोजणी करूनच तेथील फाइल घ्यावी.

आपल्या मातीतील गाणे

आता पुन्हा त्या आजीकडे येऊ. तिच्या ओव्यांचे शब्द परंपरेचे, चालही परंपरेची. मग तिचा हक्क कोणता? कायद्याने तो गायिकेचा हक्क आहे. तिच्या संमतीशिवाय तिचे गायन ध्वनिमुद्रित करणे, त्याच्या प्रती काढणे व लोकांपर्यंत पोहोचविणे यास तिची हरकत चालू शकते. त्याशिवाय आपले नाव दिले जावे आणि आपल्या गाण्याची मोडतोड होऊ नये, हाही तिचा अधिकार आहे. मोठ्या कंपनीचा हक्क यूट्यूबची यंत्रणा राखते. आजीचा हक्क राखणारे आपल्याखेरीज कोणी नाही.

आपल्या भागात असे धन पुष्कळ आहे. जात्यावर दळताना बायांनी म्हणावयाची दखनी सूफी गीते 'चक्कीनामा' म्हणून ओळखली जातात. मराठी ओवी आणि हा चक्कीनामा एकाच जात्याभोवती वाढले. बिदरच्या बहमनी घराण्याशी परंपरेने जोडले जाणारे शाह मुंतोजी ऊर्फ मृत्युंजय यांची मराठी रचना आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचे अभंग शब्दांपुरते पूर्ण मुक्त आहेत. विद्यार्थ्यांनी स्वतः चाल लावून ते गायले, तर उरलेले तीनही हक्क आपल्या वर्गातच राहतील आणि आपण ते खुल्या परवान्याने जगास देऊ शकू.

हे कसे करावे याचा नमुना समोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर येत आहेत. तेथे ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव दिलेले असते.

आपल्या कॉलेजांसाठी मी पुढील पद्धत सुचवितो. ध्वनिमुद्रणापूर्वी गाणाऱ्या व्यक्तीस तिच्या भाषेत हेतू समजावून सांगावा. फक्त वर्गासाठी की सर्वांसाठी, हे तिने ठरवावे. संमती एका कागदावर घ्यावी, लिहिता येत नसेल तर ती तोंडी ध्वनिमुद्रित करावी. फाइलच्या नावातच गायिकेचे नाव, गाव व तारीख घालावी, म्हणजे फाइल कोठेही गेली तरी नाव बरोबर राहील. आणि पहिली प्रत तिच्या घरी पोहोचवावी.

समारोप

थोडक्यात, ऐकणे, वर्गात वाजविणे आणि वाटणे या तीन निरनिराळ्या क्रिया आहेत. अधिकृत ठिकाणी ऐकणे आज जवळजवळ मोफत झाले आहे. वर्गात वाजविण्यास कायद्याची मोकळीक आहे. वाटताना मात्र शब्द, चाल, गायन व ध्वनिमुद्रण कोणाचे, हे चार प्रश्न विचारलेच पाहिजेत. विद्यार्थी ही सवय पुस्तकातून कमी आणि आपल्या वागण्यातून अधिक उचलतात.

त्या आजीकडे मी नंतर गेलो, चूक कबूल केली आणि परवानगी मागितली. तिने काही ओव्या वर्गासाठी दिल्या, काही घरच्यांसाठी राखून ठेवल्या. आमच्या संग्रहातील त्या फाइलवर आता तिचे नाव आहे.