टॅपिओका प्रक्रिया, लहान प्रमाणावरील

टॅपिओकाच्या (साबुकंदाच्या) कंदांपासून स्टार्च व साबुदाणा तयार करणारा लघुउद्योग. भारतात तो मुख्यत्वे तमिळनाडूतील सेलम व नामक्कल जिल्ह्यांत एकवटला आहे. टॅपिओका (मॅनिहॉट एस्क्युलेंटा, कुल-यूफोर्बिएसी) ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती असून पोर्तुगीजांनी ती भारतात आणली. केरळात तिचे कंद शिजवून खातात. सेलमकडील पीक बहुतांशी कारखान्यांत जाते.

दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून होणारी आयात थांबली व १९४३ च्या सुमारास सेलम येथे या उद्योगाचा प्रारंभ झाला. प्रक्रियेची निकड कंदाच्या गुणधर्मातच आहे. त्यात सु. ६०–६५% पाणी असते व काढणीनंतर दोन-तीन दिवसांतच तो नासू लागतो. वाळलेला स्टार्च मात्र अनेक महिने टिकतो.

कंद सोलून किसतात व लगदा पाण्याने गाळतात. गाळलेले दुधाळ पाणी हौदात निवळले म्हणजे तळाशी स्टार्च बसतो. ओलसर स्टार्च झोळीत हलवून त्याचे दाणे करतात, ते तापलेल्या तव्यांवर भाजतात व उन्हात वाळवितात. यांपैकी कोणत्या टप्प्यापर्यंत जावयाचे, हे पाणी, वाळवणीची मोकळी जागा, कुशल मजूर व मुख्यतः खेळते भांडवल यांवर अवलंबून असते. साबुदाण्याला अधिक श्रम पडतात; परंतु त्याला महाराष्ट्रासारखी हक्काची बाजारपेठ आहे. परदेशातून आलेला हा कंद आषाढी एकादशी व महाशिवरात्रीच्या फराळात रूढ व्हावा, हे नवलच होय.

मालाला चांगला भाव येईपर्यंत थांबण्याची ऐपत लहान उत्पादकाजवळ क्वचितच असते. व्यापाऱ्याकडून उचल घेतली की माल पडेल त्या भावाने द्यावा लागतो. १९८१ मध्ये सेलम येथे स्थापन झालेल्या ‘सागोसर्व्ह’ या सहकारी संस्थेने गोदाम, मालाच्या तारणावर कर्ज व निविदा पद्धतीने विक्री अशा सोयी केल्या. नव्या यंत्रापेक्षा अशा सोयींचा परिणाम अधिक मूलगामी मानावा लागेल, कारण माल राखता आला तरच अधिक प्रक्रियेचा खर्च भरून निघतो.

भाव शुभ्रतेवर ठरत असल्याने विरंजक रसायने वापरण्याचा मोहही होतो. उरलेला चोथा जनावरांना खाऊ घालतात. आंबूस सांडपाण्याचा उपद्रव मोठा असून काही कारखाने त्यापासून जैव वायू मिळवितात.