शेवटच्या रांगेतला चेहरा : डिजिटल छायाचित्रांचे संपीडन समजून घेताना

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे जमवण्याचे काम हाती घेतले, तेव्हा छायाचित्रे मिळणारच नाहीत अशी धास्ती होती. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. आवाहन करताच ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर येथून, काही तर थेट परदेशातून, माजी विद्यार्थ्यांनी मोबाईलवरून भराभर छायाचित्रे पाठवली. मोबाईलच्या पडद्यावर ती पाहताना सर्वांनाच भरून आले. पण तीच मुद्रकाकडे गेली, तेव्हा त्यांनी मान हलवली. “यातली निम्मी पोस्टाच्या तिकिटाएवढी छापावी लागतील. मोठी केली तर चेहरे फुटतील,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

त्यांतील एक छायाचित्र विशेष लक्षात राहिले. स्नेहसंमेलनाच्या दिवशी वसतिगृहातील सर्व मुलांचे काढलेले. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसलेले गुरुजन ओळखू येत होते. शेवटच्या रांगेत बाकावर उभ्या असलेल्या मुलांच्या चेहऱ्यांच्या जागी मात्र केवळ करडे-तपकिरी चौकोन उरले होते. पाठवणाऱ्या माजी विद्यार्थ्याने सोबत लिहिले होते, “शेवटच्या रांगेत डावीकडून चौथा मी. लहानपणचा माझा दुसरा फोटो नाही.” घरातील कागदपत्रांची पत्र्याची पेटी २६ जुलै २००५ च्या महापुरात वाहून गेली होती. एका मित्राकडे असलेल्या छापील प्रतीचे हे मोबाईलने टिपलेले चित्र एका गटातून दुसऱ्या गटात फिरत आमच्यापर्यंत आले होते.

छायाचित्र तर आले, मग चेहरा वाटेत कुठे हरवला? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आणि पालकाने समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

छायाचित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता

डिजिटल छायाचित्र हे असंख्य बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलने काढलेल्या चित्रात आडवे ४,००० आणि उभे ३,००० ठिपके असतात, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांची मात्रा ० ते २५५ या आकड्यांत नोंदवली जाते. हे ३ कोटी ६० लाख आकडे जसेच्या तसे साठवले, तर एका चित्राला सुमारे ३६ मेगाबाइट जागा लागेल. आपल्या मोबाईलमधील चित्राची फाइल मात्र बहुधा ३ ते ५ मेगाबाइटची असते. उरलेली जागा वाचवणाऱ्या या क्रियेला कॉम्प्रेशन, मराठीत संपीडन म्हणतात. ते दोन प्रकारचे असते आणि या दोन प्रकारांतील फरक हाच सर्व विषयाचा गाभा आहे.

हजेरीपटाची दोन टिपणे

वसतिगृहातील रात्रीची हजेरी आठवून पाहा. साठ मुलांच्या नावांपुढे साठ वेळा ‘हजर’ लिहिण्याऐवजी एखाद्या अधीक्षकांनी ‘क्रमांक १७ व ४२ वगळता सर्व हजर’ असे लिहिले, तर जागा वाचली आणि माहिती मात्र तिळभरही गेली नाही. त्या एका ओळीवरून संपूर्ण हजेरीपट पुन्हा जसाच्या तसा लिहून काढता येतो. हे हानिरहित संपीडन.

दुसऱ्या अधीक्षकांनी ‘बहुतेक मुले हजर’ एवढेच लिहिले. जागा आणखी वाचली. वरवर पाहणाऱ्याला एवढे पुरेसेही वाटेल. पण कोण गैरहजर होते, हे त्या टिपणावरून आता कोणालाही, कधीही सांगता येणार नाही. हे हानियुक्त संपीडन. आपल्या मोबाईलमधील बहुतेक छायाचित्रे दुसऱ्या प्रकारची असतात.

जेपेग काय ठेवते, काय टाकते

हानियुक्त संपीडनाचा सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे जेपेग. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले आणि १९९२ मध्ये त्याचे मानक प्रसिद्ध झाले. त्याच्या मुळाशी असलेली गणिती पद्धत बेंगळुरूत जन्मलेले अभियंते नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये मांडली होती, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे.

जेपेगची रचना मानवी डोळ्याच्या स्वभावावर आधारलेली आहे. आपला डोळा उजेड-अंधारातील सूक्ष्म फरक चटकन टिपतो, रंगातील सूक्ष्म फरक तितके टिपत नाही. म्हणून जेपेग प्रथम उजेडाची माहिती आणि रंगाची माहिती वेगळी करते. उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्यासाठी ठेवली जाते. रंगाची माहिती मात्र बहुधा चार ठिपक्यांना मिळून एकदाच नोंदवली जाते. एवढ्यानेच आकड्यांची संख्या निम्म्यावर येते आणि डोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

यानंतर चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. गाण्यातील खर्जाचे आणि तार सप्तकातील स्वर वेगवेगळे करावेत, तसे नासिर अहमद यांचे गणित प्रत्येक चौकोनातील ६४ आकड्यांचे पृथक्करण करते. चौकोनाचा सरासरी उजेड आणि सावकाश होणारे बदल म्हणजे खर्ज. केसांची बट, पापणी, सदऱ्याची वीण असे बारीक तपशील म्हणजे तार स्वर. येथवर फारसे काही हरवलेले नसते.

खरी हानी पुढच्या पायरीवर होते. आलेल्या प्रत्येक आकड्याला एका ठरावीक संख्येने भागून उत्तर पूर्णांकात आणले जाते. समजा, आकडा ४७ आहे आणि भाजक १० आहे. भागाकार ४.७, तो ५ धरला. चित्र उघडताना ५ ला १० ने गुणले की ५० मिळतात. ४७ चे ५० झाले, पण डोळ्याला ते जाणवत नाही. आता आकडा ३ असेल, तर भागाकार ०.३, तो शून्य धरला. शून्याला कितीही वेळा १० ने गुणले तरी ३ परत येत नाहीत. तो तपशील कायमचा गेला. बारीक तपशिलांचे आकडे बहुधा लहान असतात आणि त्यांचे भाजक मोठे, म्हणून शून्य होण्याची पाळी प्रथम त्यांच्यावर येते. चित्र साठवताना दर्जा कमी निवडला की हे भाजक आणखी मोठे होतात. उरलेल्या आकड्यांत शून्यांच्या लांबच लांब रांगा तयार होतात आणि त्या हजेरीपटाच्या पहिल्या टिपणाप्रमाणे थोडक्यात लिहिल्या जातात.

आता समूहचित्राकडे वळू. मूळ चित्र ४,००० ठिपके रुंद आहे आणि शेवटच्या रांगेत वीस मुले उभी आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला २०० ठिपके येतात. त्यांतील ८० ठिपके चेहऱ्याचे धरू. चेहऱ्याच्या रुंदीत दहा चौकोन बसले, ओळख पटण्यास ते पुरेसे आहेत. पण तेच चित्र पाठवताना १,२०० ठिपक्यांवर आणले गेले, तर चेहऱ्याला २४ ठिपके उरतात, म्हणजे आठ-आठ ठिपक्यांचे अवघे तीन चौकोन. त्या तीन चौकोनांतील डोळे, ओठ, हसू हे सारे ‘बारीक तपशील’ ठरतात आणि भागाकारात शून्य होतात. आकाश, भिंत, खुर्च्यांवरील मोठे चेहरे शाबूत राहतात. जेपेगला चित्र कळते, चित्रातील माणूस कळत नाही. कोणता तपशील कोणाच्या आयुष्यातील एकमेव पुरावा आहे, हे ठरवण्याचे काम आपले आहे.

कोणती फाइल कशासाठी

जेपेगला दोष देण्याचे कारण नाही. मूळ आकारात आणि चांगल्या दर्जात साठवलेले जेपेग छपाईलाही उत्तम चालते. प्रत्येक प्रकाराचा आपापला उपयोग असतो, तो ओळखावा.

रॉ ही कॅमेऱ्याच्या संवेदकाने टिपलेली मूळ नोंद. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. पूर्वी स्टुडिओवाले निगेटिव्ह जपून ठेवत, तसे रॉचे महत्त्व आहे. फाइल मोठी असते आणि ती उघडण्यास विशेष प्रणाली लागते.

टिफ हा प्रकार १९८६ पासून प्रचलित आहे. जुन्या छापील छायाचित्रांचे स्कॅन कायम जपण्यासाठी तो योग्य, कारण त्यात हानीविना साठवण करता येते.

पीएनजी १९९६ मध्ये आले. तेही हानिरहित आहे. अक्षरे, रेषा, बोधचिन्ह, गुणपत्रिका किंवा जातीचा दाखला यांच्या प्रतिमेसाठी ते उत्तम, कारण जेपेगमध्ये अक्षरांच्या कडेला दिसणारी धूसर जाळी यात येत नाही. मात्र छायाचित्रांसाठी त्याची फाइल फार मोठी होते.

एचईआयसी हा प्रकार आयफोनमध्ये २०१७ पासून आला. जेपेगहून बरीच कमी जागा घेऊन तो तेवढाच दर्जा देतो, पण जुन्या संगणकांवर तो उघडत नाही. अशा वेळी मूळ फाइल ठेवून जेपेगची वेगळी प्रत काढावी. वेबपी हा गूगलने २०१० मध्ये आणलेला प्रकार मुख्यतः संकेतस्थळांसाठी आहे.

झीज केव्हा होते, केव्हा होत नाही

जेपेग चित्र वारंवार पाहिले किंवा पेन ड्राइव्हवर उतरवले की त्याचा दर्जा घटतो, असा गैरसमज आढळतो. फाइलची नक्कल म्हणजे आकड्यांची तंतोतंत नक्कल, तिने काहीही झिजत नाही. चित्र उघडून, कापून किंवा उजळ करून पुन्हा जेपेगमध्ये साठवले, की वर सांगितलेला भागाकार पुन्हा होतो आणि नवी हानी जुन्या हानीत मिसळते. संदेशसेवांवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र तर आकाराने लहानही केले जाते आणि पुन्हा संपीडितही होते.

हरवलेला चेहरा ‘स्वच्छ’ करून देणारी अॅप आज सहज मिळतात. त्यांच्याविषयी सावध असावे. जे तपशील फाइलमध्ये उरलेच नाहीत, ते कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. ते इतर असंख्य चेहरे पाहून शिकलेला एक संभाव्य चेहरा तेथे रेखाटते. तो चेहरा सुबक असेल, पण शेवटच्या रांगेत उभ्या राहिलेल्या त्या मुलाचा नसेल.

आपण काय करावे

छायाचित्र पाठवताना व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ हा पर्याय निवडावा किंवा ईमेलने मूळ फाइल जोडावी. तसे केल्यास मूळ फाइलच पोहोचते.

छपाईसाठी दर इंचाला ३०० ठिपके हे सर्वमान्य प्रमाण आहे. ए-४ आकाराचे पूर्ण पान भरायचे तर सुमारे २,४८० बाय ३,५०८ ठिपके हवेत. १,२०० ठिपक्यांचे चित्र या प्रमाणाने अवघे चार इंच रुंद छापता येते.

शिष्यवृत्तीच्या किंवा परीक्षेच्या ऑनलाइन अर्जासाठी फोटो काही किलोबाइटपर्यंत लहान करावा लागतो. तो नेहमी प्रतीवर करावा, मूळ फाइलला हात लावू नये. ही एक सवय लागली तरी बरेच काही वाचेल.

घरातील जुने छापील फोटो मोबाईलने तिरपे टिपण्याऐवजी सपाट स्कॅनरवर, दर इंचाला ६०० ठिपके ठेवून स्कॅन करावेत. स्कॅनसोबत साल, प्रसंग आणि ओळखता येतील तेवढ्यांची नावे लिहून ठेवावीत.

मूळ फाइल एकाच ठिकाणी ठेवू नये. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील सोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. त्यावर लेखाचा अल्प भागच शिल्लक होता. तरीही तो कोणता लेख आहे आणि त्यातील गळलेला मजकूर काय असावा, हे अभ्यासकांना सांगता आले, कारण तोच लेख गिरनार, काल्सी अशा दूरदूरच्या ठिकाणीही कोरलेला होता. अनेक ठिकाणी जपलेल्या प्रती हाच स्मृतीचा खरा आधार असतो, मग त्या पाषाणावर असोत वा हार्ड डिस्कवर. आपली छायाचित्रे घरातील संगणकावर, एका वेगळ्या डिस्कवर आणि दुसऱ्या गावातील एखाद्या आप्ताकडे, अशी तीन ठिकाणी असावीत. पुन्हा पूर आला तरी तिन्ही एकदम जाणार नाहीत.

वसतिगृहात आलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्या काळी कॅमेरा नव्हता. स्टुडिओत जाऊन फोटो काढणे ही चैन होती. शाळेचे समूहचित्र हेच अनेकांच्या बालपणाचे एकमेव चित्र आहे, आणि त्या चित्रात सगळ्यांनाच पहिल्या रांगेत जागा मिळालेली नव्हती.

ज्या मित्राकडे ती छापील प्रत होती, त्याचा शोध अखेर डोंबिवलीत लागला. कपाटाच्या तळाशी, वहीच्या पुठ्ठ्यात जपलेला आठ बाय सहा इंचांचा कृष्णधवल फोटो त्याने स्वतः आणून दिला. तो ६०० ठिपक्यांच्या प्रमाणात स्कॅन केला, तेव्हा रुंदीत ४,८०० ठिपके मिळाले. पडद्यावर शेवटची रांग मोठी करून पाहिली. डावीकडून चौथा मुलगा उन्हामुळे डोळे किलकिले करून उभा होता आणि त्याच्या सदऱ्याचे वरचे बटण तुटलेले होते. ती फाइल मूळ आकारात त्याला पाठवली. थोड्या वेळाने त्याचे उत्तर आले, “हो, मीच. आता हे मुलांना दाखवतो.”