कुत्र्यामांजरांची आगाऊ तजवीज
मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या गावी, जेथे कुत्रा गोठ्याची राखण करतो आणि मांजर भाताच्या कणगीभोवती उंदरांचा बंदोबस्त करते, तेथे या मुक्या चाकरांच्या प्रकृतीची तजवीज आजारापूर्वीच करणे हे धन्याचे कर्तव्य होय. पिल्लू तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचवावी, वर्षाने पुन्हा द्यावी व पुढे पशुवैद्य सांगेल तशी चालू ठेवावी. कारण फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरची ही लस १८८५ साली माणसास प्रथम टोचली गेली असली, तरी लक्षणे प्रकट झाल्यावर या रोगावर आजही खात्रीचा इलाज नाही. जंतांचे औषधही वेळेवर द्यावे. पावसाळ्यात कानाआड व बोटांच्या बेचक्यांत गोचिडी दडतात. त्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढाव्यात, बोटांनी चिरडू नयेत. कुत्र्याचे गोचीडनाशक मांजरास मात्र कदापि लावू नये. अशा कित्येक औषधांतील परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरास प्राणघातक ठरते.